कुंपणावरचा गुलाबी वेल

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्या पावसाळ्याच्या शेवटी रानातल्या गुलाबी फुलांचे वेल ओळखायला एटापल्लीच्या पुढे एका जंगलगावात गेलो होतो. ही फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, म्हणून मीही पहाटेच उठायचो. त्याचा मला भलताच अभिमान.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या बाईंच्या बांबूच्या कुंपणावरच घबाड सापडलं. या टोकाला बदामी आकाराचं पान, त्या टोकाला तीन पाळ्यांचं. फुलं दोन्हीकडे इवली, गुलाबी. माझ्या पुस्तकात असली जोडी नव्हती. पुस्तक अपुरं असेल असं वाटलं. मी अपुरा असेन असं काही वाटलं नाही.

दोन्ही टोकांचे तुकडे कापून रद्दीत दाबले, रेंजसाठी टेकडी चढलो आणि बाबांना कळवलं की मला दोन नव्या जाती सापडल्या. बाबांची उमर घुग्घुसच्या कोळसा खाणीत गेलेली. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला सांगितलं आणि रविवारी बुद्धविहारात माझा सत्कार ठरवून टाकला.

निघायच्या दिवशी बाईंनी विचारलं, काय नेता. मी दोन्ही कागद दाखवून फरक समजावला, वर्गात समजावतो तसा, सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग या टोकाला वाकून वेल बुडाशी धरला आणि ओढला. त्या टोकाची फुलं हलली.

"एकच आहे जी. खाली पान असं येते, वर तसं. तुमी बुडापासून पायलं नाई काऊन?"

पीएच.डी.सकट मी दोन्ही कागद पिशवीत भरले.

बाबांना परत फोन करायला हवा होता. रेंज नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. ब्रह्मपुरीत रेंज भरपूर होती.

रविवारी बाबा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. कुणीतरी विचारलं, सर, खरंच दोन? मी बाबांकडे पाहिलं आणि हो म्हणालो. एटापल्लीहून बाई काही सांगायला येणार नव्हत्या, हेही मनात होतंच. लाज वाटली, पण शाल घेतली.

आता दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना बजावतो, वेल बुडापासून पाहिल्याशिवाय ओळखू नका. मुलं वहीत लिहून घेतात, खाली माझं नाव टाकतात.