काश्यप

काकूंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. पोळी अर्धीच लाटून झाली होती. ती त्यांनी उचलली, मळलेल्या कणकेसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुतले. साबणाने. माझ्यासमोर.

"बाहेर बस. अण्णांना बोलायचंय तुझ्याशी."

आदल्या दिवसापर्यंत याच ओट्याशी मी रोज पोळ्या लाटत होते. बनशंकरीतलं हे घर, वरची भाड्याची खोली माझी. काकू-अण्णा मूळचे सांगलीकडचे, पण सगळा जन्म बेंगळुरूत गेलेला. मी खोली बघायला आले तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं. त्यावरून काही कळेना, म्हणून पुढचा प्रश्न. "गोत्र कुठलं ग?" त्याआधी चार घरांत मी खरं सांगितलं होतं. चारही खोल्या तेवढ्यात दुसऱ्या कुणाला देऊन झाल्या होत्या. ऑफिसातल्या मैत्रिणीने शिकवलं, ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगायचं, भटजीही चालवून घेतात. मी म्हणाले, काश्यप.

"अय्यो, आमचंही काश्यपच! मग तू या घरचीच लेक झालीस की!"

सात महिने मी त्या घरची लेक होते. त्यांच्या भजनी मंडळात काकू मला मिरवायच्या. लाज वाटायची. खोली जाईल ही भीती लाजेहून मोठी होती.

मग नागपूरहून बाबा आले. पोस्टातून निवृत्त झालेला सरळ माणूस. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून कॉफी दिली. अण्णांना शब्दांचं भारी वेड. म्हणाले, "गोत्र म्हणजे मूळचा गायींचा गोठा. ज्यांच्या गायी एका गोठ्यात, ते एका कुळातले. तुम्ही काश्यप, आम्ही काश्यप. आपला गोठा एकच, बघा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आम्हाला गोत्र नाही, साहेब. आम्ही बौद्ध. माझे आजोबा गोठ्यातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचे. जित्या गाईशी आमचा संबंध नव्हता."

बाबा राहायला आले होते, ते त्याच दुपारी निघाले. स्टेशनवर एवढंच म्हणाले, "काऊन बाई, बापाचं नाव पुरलं नाही तुला?"

काकूंनी कणीक फेकली त्याहून हे वाक्य मला जास्त लागलं. अजून लागतं. आणि तरी दुसऱ्या सकाळी मी मूर्खासारखी खाली जाऊन पोळ्या लाटायला लागले.

अण्णा आवाज चढवून बोलले नाहीत. "हे बघ, आम्ही जुन्या विचारांचे नाही. तू राहा. फक्त स्वल्प समजून घे. मंडळात सगळ्यांना तू काश्यप म्हणून माहीत आहेस. तेच राहू दे. स्वयंपाकघरात येऊ नकोस. आणि वडिलांना इथे परत बोलावू नकोस. सरी? ठीक ना?"

खोली मिळत होती. हे सांगायला लाज वाटते, पण 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. काल जे खोटं माझा गुन्हा ठरलं, तेच आज त्यांची अट झालं होतं. फसवल्याचा त्यांना राग नव्हताच. मी खरी कोण हे चारचौघांत कळेल, एवढीच त्यांना धास्ती.

"नाही जमणार, अण्णा," मी म्हणाले. "मला गोत्र नाही. मला बाप आहे."

"मग आजच्या आज खोली रिकामी कर," काकू आतून ओरडल्या.

केली.

आता के. आर. पुरमला पाच जणींच्या खोलीत एक कॉट आहे. रविवारी घरं बघत फिरते. गोत्र विचारायची वाट बघत नाही. दार उघडलं की आधी सांगते, मी बौद्ध आहे, माझे वडील येतील, इथेच राहतील, तुमच्यासमोर बसून जेवतील. गेल्या रविवारी बसवनगुडीत तीन दारं बंद झाली. पुढच्या रविवारीही होतील, माझी कसलीही आशा नाही. पण बापाला लपवून मिळणारं छप्पर मला नको. कॉटवर म्हातारी झाले तरी नको.