तिघींचा पहिला मुद्दा

माझं अक्षर चांगलं आहे आणि अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या सोसायटीत कोणी नाही. या दोन गोष्टींचा मला फार माज होता. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं मी पत्रव्यवहार सांभाळला, आणि निवृत्त झाल्यावर मुलुंडमध्ये आपोआप अर्जवाला झालो. पाण्याचा दाब कमी झाला, झाडाची फांदी तुटायला आली, गटाराचं झाकण गेलं की माणसं माझी बेल वाजवायची. मी लिहायचो आणि एखाद वेळी काम व्हायचंही. त्यामुळे माझी पक्की समजूत झाली होती की जे काम होत नाही, ते कोणी नीट लिहिलेलं नसतं म्हणून होत नाही.

माझ्या बायकोच्या किडन्या निकामी होऊन आता पाच वर्षं होतील. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पहिली दोन वर्षं त्याचं एवढं काही वाटलं नाही, कारण केंद्र आमच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात पहिल्या मजल्यावर होतं. घरापासून सात मिनिटं. ती चालत जायची आणि येताना माझ्या दंडाला धरून, वाटेत भाजीवालीशी घासाघीस करत परत यायची. मग दवाखान्याची इमारत धोकादायक ठरली. भोवती पत्रे लागले, पत्र्यांवर ‘नूतनीकरण’ असं रंगवलं, आणि आता तो रंगही उडाला. तेव्हापासून आम्ही गोवंडीजवळच्या एका ट्रस्टच्या केंद्रात जातो. जाताना रिक्षात तासभर, येताना त्याहून जास्त. येताना तिचं बीपी उतरलेलं असतं. ती डोळे मिटून पिशवी तोंडाशी धरून बसते आणि प्रत्येक खड्ड्याला मी त्या रस्त्याच्या ठेकेदाराला शिव्या घालतो.

दवाखान्यासाठी मी अकरा अर्ज केले. अकराही अर्ज उत्तम होते. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग कितीतरी वर्षं लांबलेल्या निवडणुका एकदाच्या लागल्या, आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एका पक्षासाठी वीस वर्षं सतरंज्या उचलत होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, इच्छुक उमेदवार झाल्या होत्या. वहिनी चांगल्या बाई. माझी पाठ धरली की हिच्याबरोबर गोवंडीला त्या जायच्या. चार तास तिथल्या बाकावर बसून जपमाळ ओढायच्या, आणि कधी उपकाराची भाषा केली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल.

पक्षात तिकिटासाठी मुलाखती होणार होत्या. प्रत्येक इच्छुकाने एका कागदावर वॉर्डातल्या प्रश्नांबद्दल आपली भूमिका लिहून आणायची होती. पाच मुद्दे, जास्त नकोत. वहिनी कागद घेऊन आल्या.

“भाऊजी, तुम्हीच लिहा. आमच्या ह्यांना घोषणा येतात, वाक्य येत नाही.”

“लिहितो,” मी म्हटलं, “पण पहिला मुद्दा दवाखान्याचा. डायलिसिस केंद्र इथे परत चालू करायचं.”

“ते काय विचारणं झालं? ताईंचं मी बघत नाही का?”

आम्ही लिहायला बसलो. दवाखान्याचा मुद्दा मी आधीच तयार ठेवला होता. त्यातलं पहिलं वाक्य जुळवायला मला चार दिवस लागले होते: ‘दवाखान्याने माणसाच्या दाराशी यावं, आजारी माणसाने दवाखान्याच्या दाराशी खेटे घालू नयेत.’ वाचून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या चार मुद्द्यांना मात्र त्यांचे डोळे कोरडे होते. फेरीवाले हटवा म्हणावं, तर त्यांच्या दिराची वड्याची गाडी स्टेशनबाहेर. मग ‘फेरीवाल्यांना शिस्त’ असं ठरलं. पुनर्विकासात भाडेकरूंच्या बाजूने की बिल्डरच्या, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “दोघांच्या लिहा ना, जागा आहे की.” पाण्यावर त्यांचं मत होतं की पाणी हवं. शाळेवर मत नव्हतं.

दोन दिवसांनी बचत गटाच्या अध्यक्षा आल्या. पक्ष तोच, कागदही तसाच. “काका, तुमच्या हाताला यश आहे म्हणतात.” आणि त्याच आठवड्यात पक्षाच्या एका जुन्या कार्यकर्त्याची वकील मुलगी आली. ती लॅपटॉप घेऊनच आली होती, पण तिचं मराठी बोलण्यापुरतंच होतं. “काका, मला मुद्दे माहितीयेत, फक्त झकास मराठीत करून द्या ना.”

मी कोणाला नाही म्हटलं नाही. आणि इथेच मी ती गोष्ट केली जी आयुष्यभर अर्ज लिहिलेला माणूसच करू शकतो. कारखान्यात असताना एकच मागणी आम्ही तीन खात्यांना पाठवायचो, म्हणजे कुठून तरी होकार यायचा. तोच हिशेब मी इथे लावला. बाकीचे चार मुद्दे प्रत्येकीला तिच्या तिच्या सोयीचे दिले. पहिला मुद्दा तिघींना एकच, शब्दाला शब्द. तिघींपैकी कोणीही येवो, दवाखाना आला. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की संध्याकाळी मी ते बायकोला सांगितलं.

ती कुडाळकडची. एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलते, पण रागावली की गावाकडे जाते.

“तिघींका एकच स्थळ दाखवलात तुम्ही? खुळे की काय?”

“अगं, निवडून एकच येणार ना?”

“आणि तिघी एकाच मांडवात भेटल्यो म्हणजे?”

मी हसलो. म्हटलं, पाच-पाच मिनिटांच्या मुलाखती, कोण कोणाचा कागद बघतंय. तिचे पाय सुजलेले होते, ते उशीवर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मुलाखती भांडुपच्या एका हॉलमध्ये झाल्या. वहिनी परत आल्या त्या सरळ आमच्याकडे. पैठणीतच होत्या, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

“भाऊजी, आणखी कोणाकोणाला लिहून दिलंत?”

मी पेला खाली ठेवला.

“समोर तिघे बसले होते. माझा कागद वाचला त्या मधल्याने. मग त्याने आणखी दोन कागद काढले आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, पहिला मुद्दा तिघींचा सेम टू सेम आहे. बाहेरून त्या दोघींनाही आत बोलावलं. आम्ही तिघी एका रांगेत उभ्या, भाऊजी, कॉपी करताना पकडलेल्या पोरींसारख्या!”

“मग काय म्हणाला तो?” मला खरोखर फक्त तेवढंच ऐकायचं होतं. लाज नंतर वाटली.

“म्हणाला, जे तिघी बोलतायत ते कोणा एकीचं नाही. दवाखाना सगळ्यांनाच पाहिजे, त्यावर मतं मिळत नाहीत. तो मुद्दा बाजूला ठेवा, तुमचं स्वतःचं वेगळं काय ते सांगा. आणि पेनाने तिन्ही कागदांवर काट मारली.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? डोकं चालेना. तलावाजवळ सेल्फी पॉइंट करीन म्हटलं. बचत गटवाली म्हणाली ओपन जिम. ती वकील म्हणाली सीसीटीव्ही.” वहिनी दाराकडे वळल्या. “मी तुमच्या घरात सख्ख्यासारखी वागले. तुम्ही एकदा सांगायचं तरी होतंत, की बाई, तुला एकटीला नाही लिहीत.”

आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “वहिनी, बसा तरी.” वहिनी बसल्या नाहीत.

मी त्यांची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी माझी बाजू मांडू लागलो. तिघींनी एकच मागणी केली म्हणजे मागणी किती खरी आहे हे उलट सिद्ध होतं, वगैरे. मुद्देसूद बोललो. वहिनी जिना चढून गेल्या आणि त्यानंतर हिच्याबरोबर गोवंडीला कधी आल्या नाहीत. माझी पाठ धरली की आता हिचा वार चुकतो, किंवा मी वाकड्या पाठीने जातो. हे मी केलं. पक्षाने नाही, सरकारने नाही, मी केलं.

तिकीट तिघींपैकी कोणालाच मिळालं नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या पक्षातून एक बाई आल्या, त्यांना मिळालं. मुलाखत नाही, कागद नाही, भूमिका नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी त्या बाईंच्या मागे झेंडा घेऊन फिरू लागले. आपल्याजवळचं जे काही होतं ते सगळं त्यांनी त्या बाईंच्या चरणी वाहिलं: पोरं, सतरंज्या, मतदारांच्या याद्या. त्यात आणखी काय गेलं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या बाई प्रचाराला आमच्या दारात आल्या. मी दवाखान्याचं विचारलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, “काका, आरोग्य हा माझा पहिला मुद्दा आहे.” मी विश्वास ठेवला. इतकं होऊनही ठेवला, कारण त्यांनी ‘पहिला मुद्दा’ हे शब्द वापरले होते. मत त्यांनाच दिलं. हिला खुर्चीवर बसवून खाली नेलं आणि तिचंही द्यायला लावलं.

त्या निवडून आल्या. पत्रे तसेच आहेत. पत्र्यांवर त्यांचे अभिनंदनाचे फ्लेक्स मात्र लागले. दवाखान्याकडे जाणारा रस्ता आता मला टाळावासा वाटतो. भाजीसुद्धा मी दुसरीकडून आणतो.

गेल्या महिन्यात हिला रिक्षात बसणं झेपेना. कोणीतरी म्हणालं, बाईंनी मोफत रुग्णवाहिका चालू केली आहे, नाव नोंदवा. नोंदवलं. सोमवारी सकाळी गाडी आमच्या गेटाशी येऊन उभी राहिली. नवी कोरी, पांढरी. दोन्ही बाजूंना हात जोडलेल्या बाईंचा फोटो, एवढा मोठा की खिडकी त्यांच्या खांद्यावर आली होती. ड्रायव्हर आणि मी हिला खुर्चीसकट मागच्या दाराशी आणलं. ड्रायव्हर स्ट्रेचर काढायला आत चढला आणि आम्ही दोघं दाराच्या बंद असलेल्या दुसऱ्या झडपेसमोर थांबलो. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं:

‘दवाखान्याने माणसाच्या दाराशी यावं.’

मी नजर वळवली. वर पाहिलं तर वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, हातातली चादर दोरीवर टाकली आणि आत गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. वाक्य मीच वाटलं होतं. त्यांच्या कागदावरून ते कोणी उचललं असेल, तर चोरी झाली असं म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

हिने वाक्य सावकाश वाचलं. चष्मा पिशवीत होता, तरी वाचलं.

“तुमचंच ना हे?”

“हो.”

“पण अर्धंच घातलंय. खेट्यांचं कुठे गेलं?”

मी म्हटलं, “जागा पुरली नसेल.”

“जागा खूप आहे की,” ती म्हणाली. खरंच होती. अख्खं दार रिकामं होतं. मग तिने खुर्चीच्या दांड्यावरचा माझा हात बाजूला केला आणि आपला हात ड्रायव्हरच्या हातात दिला. “राहू दे. ते उरलेलं मी करतेच आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार.”