चकोत्रीचा पुरावा

रामाजी,

सुभद्राबाईंचा काल पुन्हा फोन आला. “बाई, माहा डबा कुठी हाये?” तुमच्या बायकोला मी काय सांगू? आधी तुमचीच हकीकत तुम्हाला ऐकवते, कारण तुम्ही ती सगळीकडे अर्धीच सांगता.

हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करायच्या आणि सुटीच्या दिवशी झोपायचं सोडून मोटरसायकलने कळमेश्वरपलीकडच्या नाल्यात जाऊन बसायचं, हा तुमचा वीस वर्षांचा उद्योग. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण चकोत्री हा पक्षी धड पाहिला तो तुमच्यामुळे. तांबूस, शेपटी वर केलेली, रानकोंबडीची चुलत बहीण शोभेल अशी. लाजरी इतकी की झुडपातून झुडपात पळेल, पण उडायचं नाव नाही. तुम्ही खोडासारखे बसलात आणि तिला खाली पडलेली उंबरं खाताना पाहिलंत. अकरा वेळा!

पक्षिमित्र मंडळाच्या यादीत हे तुमच्या नावाने यावं, एवढंच तुमचं मागणं. वीस वर्षांत एकदाही नाव नाही. सचिव मधुसूदन म्हणाला, “कोंबडीची जात ती. दाणे टिपेल, वाळवी उकरेल. उंबरं खायला पोपट आहे का? पुरावा आणा.”

आणलात. तिची शीट गोळा करून, वाळवून, कुटून, सुभद्राबाईंच्या छोट्या स्टीलच्या डब्यात. मला विचारायचं तरी! बैठक महाल भागात मधुसूदनच्याच घरी, जेवणानंतर. आणि तुम्ही डबा उघडून ठेवलात कुठे, तर बडीशेपेच्या वाटीशेजारी.

मधुसूदनने बोलता बोलता चमचाभर तोंडात टाकलं. तुम्ही उठलात, हात वर केलात, तोवर त्याने गिळलंही.

“चूर्ण बरं आहे,” तो म्हणाला. “अंजीर घातलंय वाटतं. बिया कुरकुर लागतात.”

“अंजीर नाही जी, उंबर हाये.”

“घरी केलं का?”

“नाही साहेब. चकोत्रीनं केलं.”

पुढची दहा मिनिटं मोरीतून गुळण्यांचा आवाज. हसता हसता माझी कवळी निसटायची राहिली. तो बाहेर आल्याबरोबर मी यादीची वही त्याच्यापुढे सरकवली. “बिया तूच ओळखल्यास. लिही आता.”

लिहिलं बिचाऱ्याने. आहार: उंबर. निरीक्षक: रामाजी. पुराव्याच्या रकान्यात, दातओठ खात: स्वतः तपासला.

त्या पानाचा फोटो तुम्ही अख्ख्या कारखान्याला दाखवलात. डबा मात्र मधुसूदनकडेच राहिला.

“बाई, तुमीच आना नं,” तुम्ही म्हणालात. “मले पाह्यलं का साहेब थुंकाले जाते.”

“शीट तुमची, डबा तुमचा. मी काहून जाऊ?”

याला चार महिने झाले. परवा मी गेले होते, खोटं नाही सांगत, अगदी दारापर्यंत. घंटा दाबणार तेवढ्यात आतून मधुसूदन जोरात खाकरला.

मी परत आले.