कप्पी सरांची दोरी

कप्पी सर कोणाच्याही घरी गेले की सरळ आत येत नसत. आधी दार बिजागरीजवळ एका बोटानं ढकलून बघायचे, मग कडीजवळ त्याच बोटानं ढकलायचे, मान हलवायचे आणि मग चपला काढायचे. अंजनगाव सुर्जीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमची आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "सर आले वाटते, दार कुरकुरून राह्यलं." कोणाची सोयरीक बोलायला गेले तरी तेच. एकदा मुलीचा बाप घाईनं पुढे आला, तर त्याला म्हणाले, "थांबा जी, तुमचं दार कुठून हलकं लागते ते पाहून राह्यलो." सोयरीक जमली. नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस विक्षिप्त होता. होताच थोडा.

ते आम्हाला आठवीत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या कापडी पिशवीत डबा, खडू आणि एक लोखंडी कप्पी कायम असायची, म्हणून ते नाव. खरं नाव सहीपुरतं. साधी यंत्रं हा धडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या प्रत्येकानं घरून एक यंत्र आणजा. जड नोको, इजेवर चालणारं नोको." दुसऱ्या दिवशी वर्गात तीसेक सांडश्या जमा झाल्या. तीन अडकित्ते, एक नेलकटर, बाकी सगळ्या सांडश्याच. पोरांनी हाताला लागलं ते उचललं होतं. दहा वाजता वर्गाच्या दाराशी आमच्या गल्लीतल्या पाच-सहा बाया आल्या. त्यातली एक बोटं फुंकत होती. म्हणाली, "गुरुजी, चहाचं गंज चुलीवरून काय पदरानं उतरवू का रोज?" सर खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी तिच्याच हातात सांडशी दिली, टोकाशी धरायला लावली, मग खिळ्याजवळ धरायला लावली आणि विचारलं, "कुठं धरली तं कमी जोर लागते?" ती म्हणाली, "हे तं मले बारा वर्षांपासून मालूम आहे." सर खूश. वर्गाकडे वळून म्हणाले, "पाहा, ह्या बाईले धडा येते, तुमाले नाही येत."

मी त्या दिवशी विळी नेली होती. शिपायानं फाटकातच काढून घेतली. सरांनी ती परत मागून आणली, कारण पाचर दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी विळीवाली.

त्यांचं एक वाक्य होतं, ते वर्षातून पन्नास वेळा ऐकलं असेल. "यंत्रानं काम कमी होत नाही. जोर कमी लागते, रस्ता वाढते." एकदा त्यांनी आम्हाला, मुलींनासुद्धा, सरकीच्या ढेपेचं पोतं हातगाडीवर चढवायला लावलं. आधी सरळ उचलून, मग फळी लावून. फळीवरून ते सहज चढलं, पण वेळ लागला. मी म्हणाले, सोपं झालं. ते म्हणाले, "सोपं झालं, कमी नाही झालं." मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. पुढे लग्न झालं, अमरावतीत संसार मांडला, मिक्सर आला, कपडे धुवायचं मशीन आलं, सासूबाईंचं दुखणं आलं, आणि काम होतं तेवढंच राहिलं. तेव्हा ते वाक्य आठवलं आणि सरांचा थोडा रागही आला. इतकी खरी गोष्ट आठवीतल्या पोरांना कोणी सांगतं का?

आता मीच राजापेठेत एका क्लासमध्ये शिकवते. तिसरा मजला. सकाळी दोन बॅचेस, संध्याकाळी तीन. गुडघे वाजतात. हा धडा आला की पडद्यावर तरफेचं चित्र येतं, पोरं मोबाइलवर त्याचा फोटो काढतात आणि एकजण हमखास विचारतो, "मॅडम, हे किती मार्कांले येते?" मी सांगते. खोटं कशाला बोलू, तो धडा लवकर संपावा असं मलाही वाटतं.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी क्लास सुटल्यावर खाली आले, तर गाड्यांच्या गर्दीत एक म्हातारा माणूस कॉलेजच्या एका मुलीला स्कूटर मेनस्टँडवर लावायला शिकवत होता. "हातानं कायले ओढून राह्यली, बाई? स्टँडवर पाय ठेव आन् उभी राह्य. वजन तुयं, कामाले लाव ना त्याले." आवाजावरून ओळखलं. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "विळीवाली ना तू?" भर रस्त्यात माझे डोळे भरून आले. म्हातारे झाले होते फार.

सरांच्या बायकोला, आम्हा मुलांच्या काकूंना, लकवा झाला होता, डावी बाजू गेली होती. उपचारासाठी दोघं अमरावतीत दोन खोल्यांत राहायला आले होते. मुलगा पुण्याला. तो बिचारा रोज फोन करून म्हणायचा, दिवसभराची बाई ठेवतो. काकू ऐकत नव्हत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, "मले कोनी उचलू नये." परक्या हातांनी काखेत धरून बसवलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून सर उचलायचे. वय पंचाहत्तरच्या पुढे, कंबर कामातून गेलेली. उचलून झालं की भिंतीला टेकून उभे राहायचे.

एका रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. पलंगावर लोखंडी आडवा दांडा बसवला होता, एक कप्पी वर पक्की, एक खाली फिरती, आणि खाटेच्या निवारीची झोळी. निम्म्या जोरात माणूस उचलला जातो, हे त्यांनी मला पुन्हा आठवीतल्यासारखं समजावलं. पोत्यावर सगळं करून पाहिलं होतं. मग काकूंना झोळीत घेतलं आणि दोरी ओढली. काकू वीतभर वर उचलल्या गेल्या, किंचित फिरल्या आणि त्यांचा चेहरा माझ्याकडे झाला. मी नजर खाली घातली.

"खाली ठेवा मले," काकू म्हणाल्या. सरांनी ठेवलं. "मी काय कापसाची गाठ आहो? त्या पोरीसमोर टांगलं मले."

सर खुर्चीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं पोट्ट्याईले विचारलं, भार किती, भार किती. भाराले कधी विचारलंच नाही मी." मी चहा करून दिला आणि निघून आले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा दांडा गेला होता. आता कप्पी पलंगाच्या पायथ्याशी होती. काकूंच्या पाठीमागून, काखांखालून एक निवारीचा पट्टा, त्याला बांधलेली दोरी कप्पीतून फिरून परत काकूंच्या उजव्या हातात. दोरीला सात गाठी. पलंगाच्या कडेला लाकडात एक खाच. काकूंनी स्वतः दोरी ओढायची, गाठ खाचेत अडकवायची, हात सोडून दम खायचा, मग पुढची गाठ. सात गाठी झाल्या की माणूस बसता होतो. सगळं काकूंना विचारून. गाठी किती अंतरावर, खाच कुठं, पट्टा किती रुंद. "पयले लय पातळ पट्टा आनला होता, चामडी सोलली," काकू म्हणाल्या, आणि त्या आवाजात जुना दरारा होता.

पहिल्या महिन्यात दोन गाठी. दिवाळीत चार. सर मधल्या दाराच्या उंबऱ्यात उभे असायचे, हात पाठीमागे बांधलेले. एकदा मी म्हणाले, "सर, हात मागं काहून?" म्हणाले, "मोकळे ठेवले तं पुढं जातात." काकूंना बसायला कधी पाऊण तास लागायचा. मला तर बघूनच थकवा यायचा. वाटायचं, एकदाचं उचलून बसवावं आणि मोकळं व्हावं. ज्या दिवशी सातवी गाठ खाचेत बसली, त्या दिवशी काकूंनी आधी चहा मागितला आणि मग सरांना सांगितलं, "दाढी करा, कसे दिसून राह्यले."

गेल्या मार्चमध्ये सर गेले. सकाळी दूध घेऊन आले, खुर्चीवर बसले, तेवढंच. मी पोचले तेव्हा मुलगा पुण्याहून आला होता. सरांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मधलं दार उघडं होतं, पण आडव्या पडलेल्या काकूंना फक्त छत दिसत होतं. न्यायची वेळ झाली. मुलगा आणि शेजारचे दोघं आत आले, काकूंना बसतं करून सरांचं तोंड दाखवायला.

"हात लावू नका कोनी," काकू म्हणाल्या, आणि दोरी धरली.

पहिली गाठ. दुसरी. बाहेर भटजी घड्याळ बघत होते. चौथ्या गाठीनंतर त्या किती तरी वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. पाचवी खाचेत बसता बसता निसटली आणि काकू मागं गेल्या. मुलगा पुढं धावला, मी त्याचा दंड धरला. तो रडत होता, मीही रडत होते. पण सोडलं नाही त्याला. पाचवी पुन्हा. सहावी. सगळी खोली उभी होती. सातवी गाठ बसली तेव्हा काकूंचा चेहरा घामानं भिजला होता. त्यांनी पदर सारखा केला, दारातून पलीकडे बघितलं.

"पाहा जी," त्या म्हणाल्या, "बसली मी."

सरांना नेईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. पाठ टेकली नाही.