दलदलीतला ठोका

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला, बटाट्याच्या शेतांपलीकडे मिकमाक या मूळनिवासी लोकांची थोडी घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घरात पिएल राहतो. सत्तरी ओलांडलेला, टोपल्या विणणारा.

टोपली सुरू होते ओंडक्यापासून. काळ्या ॲश झाडाचा ओला ओंडका कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकत राहायचं. मग लाकडातलं एकेक वर्ष, वाढीचं एकेक कडं, विणायची पट्टी होऊन सुटतं. पिएल आणि धाकटा भाऊ नोएल चाळीस वर्षं समोरासमोर उभं राहून ठोकत आले. एकाचा ठोका, मग दुसऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी नोएल दलदलीत गेला तो परत आला नाही. तरी पिएलचा हात त्याच्या ठोक्यापुरता थांबतोच.

यंदा ॲश पोखरणारा भुंगा जवळ आल्याची बातमी आली. नोएलने राखून ठेवलेलं एक झाड दलदलीत उभं होतं. भुंग्याच्या तोंडी कशाला जाऊ द्यायचं, म्हणून पिएलने ते घाईघाईने पाडलं. आधी बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची, झाडाला विचारायचं, ते राहून गेलं. जन्मात पहिल्यांदा.

ओंडका सुटेना. आठवड्यात एकही पट्टी निघाली नाही. आणि पिएल थांबला की त्या रिकाम्या जागेत दलदलीकडून ठोका येऊ लागला. अगदी वेळेवर.

तंबाखूची पुडी खिशातच होती. पण झाडाचा मान राखला तर नोएलचा हा ठोकाही जाईल, या भीतीने तो बुंध्याकडे फिरकला नाही.

नात मॅली पुढच्या आठवड्यात बोस्टनला निघणार होती. तिला टोपली कबूल केलेली.

"आजोबा, टोपली माझं कॉलेज संपल्यावर मिळणार वाटतं," ती पायरीवरून म्हणाली.

"लाकूड हट्टी आहे."

"तुमच्यावर गेलंय. आणि तिकडे दुसरं कोण ठोकतंय?"

पिएलची कुऱ्हाड खाली आली. "तुला ऐकू येतं?"

"केव्हाचं. काल वाटलं, मलाच बोलावतोय. जाऊन बघणार आहे."

तो तसाच निघाला. गुडघाभर पाण्यातून बुंध्यापाशी पोचला, सगळी पुडी रिकामी केली.

"नोएल, पोरीला राहू दे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, ओल्या कापडासारखी. दलदल गप्प होती. पिएलने ठोका दिला आणि सवयीने थांबला.

पायरीवर टक् असा आवाज झाला. मॅली फोनमध्ये बघत होती. तिचं बोट लाकडावर पडत होतं, अगदी वेळेवर, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.