पुलावरूनच टाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणा. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबा गेले. आम्ही कल्याणचे, आईचं माहेर नाशिकचं. अस्थी रामकुंडातच जाव्यात, एवढं एकच तिने मागितलं. मी आणि दादा सकाळच्या गाडीने निघालो. दादाने त्याच दिवशी नाशिकला एक प्लॉट बघायचंही ठरवलेलं — एका दगडात दोन पक्षी, हा त्याचा स्वभावच.

कसारा सुटलं, घाट लागला. दरीवरचा उंच पूल आला तसा दादा लाल फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं घेऊन दरवाज्याकडे गेला. लोक तिथून नाणी टाकतात, नारळ टाकतात... मला वाटलं, हात जोडायला गेला असेल. परत आला तो रिकाम्या हातांनी.

"पाणी ते पाणी," म्हणाला. "रामकुंडावर सगळा दिवस गेला असता."

पाणी? मे महिन्यात त्या दरीत नुसते दगड असतात. मी डब्यातच रडले, भांडले. तो मोबाईलवर प्लॉटचे फोटो बघत बसला. येताना नाशिक स्टेशनच्या नळावर बाटली भरून घेतली — आईला गोदावरीचं पाणी म्हणून द्यायला! आईला कळलं तर ती खचेल, तोंड उघडू नकोस, असं वर मलाच बजावलं.

घरी आईने ती बाटली घेतली आणि तशीच मोरीत ओतली. मग दादाला चहा दिला. तो पीत असताना अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्या वेळी नाशिकपर्यंत जाऊ नकोस रे. पुलावरूनच टाक. हे एकटेच पडलेत त्या दगडांवर. तहान तहान करतायत."

मडक्याचं लाल फडकं करवंदीच्या जाळीत अडकलंय, हेही तिनेच सांगितलं.

मीच फोन करून चुगली केली, असं दादाला अजून वाटतं. अहो, दिवसभर मी त्याच्या शेजारी बसलेले! पुढे दिवाळीत नाशिकला जाताना मी मुद्दाम दरवाज्यात उभी राहिले. खाली जाळीत काहीतरी लाल होतं. आईला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. तिने त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर तो सुटला असता.

आता ती अंथरुणाला खिळलीय. दादा रविवारी आला की त्याचा हात धरून विचारते, "पुलावरूनच ना रे?"

आणि तो "हो" म्हणेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही.