आठ दिवस थांब म्हणणारे शामरावकाका

टायर दाखवण्याआधी शामरावकाका गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारायचे, "मांगं कोन बसते?" नवीन माणूस गोंधळायचा. काका मात्र उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. बायको बसते, म्हातारी आई बसते, दुधाचे कॅन असतात, कुणीच बसत नाही. जे असेल ते ऐकून घ्यायचे आणि मगच आत जाऊन टायर काढायचे. बाहेर आणल्यावर त्याच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघायचे. नख सहज रुतलं की म्हणायचे, "हा रस्ता धरते, पन लवकर झिजते." रुतलं नाही की म्हणायचे, "हा लय चालते, पन वेळेवर धरत नाई. आता तुमीच सांगा, तुमाले काय पायजे?"

नेरला यवतमाळ रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. पत्र्याची शेड, हवेचं यंत्र, पाण्याची टाकी आणि भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती. मूर्तीवर रबराची काळी धूळ बसायची. काका रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायचे, तरी दुपारपर्यंत पुन्हा बसायची. ते बोलायचे कमी, पण टायरचा विषय निघाला की थांबायचे नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते विनोदच्या मागे बसून गेले तेव्हा. विनोद म्हणजे माझा नवरा. बियाण्यांच्या एका कंपनीसाठी तो गावोगाव फिरायचा. त्याने हौसेने स्पोर्ट मोटारसायकल घेतली होती. पुढे झुकून चालवायची, वळणावर अंगासकट आडवी करायची, अशी. ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडं किडत होती, भाव पडत होता, बियाणं घ्यायला कुणी धजावत नव्हतं. कंपनीने माणसं कमी केली आणि उरलेल्यांना जास्तीचे तालुके दिले. विनोदकडे नेरबरोबर दारव्हा आणि दिग्रसही आलं. गाडी दिवसभर पळायची आणि मागचा टायर बघता बघता गुळगुळीत व्हायचा.

"काका, मले आता जास्त चालनारा टायर द्या," विनोद म्हणाला. "हा नरम माल मले पुरून नाई राह्यला."

काकांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमची अस्मिता तेव्हा दोन वर्षांची होती, माझ्या कडेवर झोपलेली.

"या गाडीले कडक टायर म्या लावत नाई," ते म्हणाले. "साधी गाडी असती तं लावला असता. तू वळनावर आडवा होतं. आडवी झालेली गाडी टायरच्या कडेवर चालते, बापा. मधातल्या रबरावर नाई."

"मंग करू काय? दर चार महिन्याले टायर बदलू?"

"एक टायर येते. मधात कडक, कडेले नरम. सरळ रस्त्यावर झिजत नाई अन् वळनावर सोडत नाई. नागपूरवरून मांगवा लागते. आठ दिवस थांब."

"आठ दिवस? उद्या दिग्रसले मीटिंग हाये माही!"

"तं मंग यष्टीनं जाय."

शब्दाला शब्द वाढत गेला. ऊन तापलं होतं, पोरगी जागी होऊन रडायला लागली. मी म्हणाले, "काका, त्यांना हवा तो देऊन टाका ना. गाडी त्यांची आहे." काकांनी मान हलवली. "नाई देत, माय." मी चिडून पोरीला घेऊन रस्त्यापलीकडे रसवंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने विनोद गाडी घेऊन आला. त्याच संध्याकाळी त्याने दुसऱ्या गावी जाऊन कडक टायर बसवून घेतला.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, ऐन हिवाळ्यात, अवकाळी भुरभुर झाली. दारव्ह्याकडून येताना एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकला होता. समोर दुसरी गाडी नव्हती, मागे नव्हती. विनोद एकटाच होता. त्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक भेटायला येत आणि प्रत्येक जण वेगळं सांगे. कुणी म्हणे वेग जास्त असेल, कुणी म्हणे चक्कर आली असेल, कुणी नशिबावर ढकले. पंधरा दिवसांनी शामरावकाका आले. दारातच टोपी काढून उभे राहिले. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथे ती गाडी पत्र्याखाली पडली होती.

"काका, तुम्हाला यातलं कळतं," मी म्हणाले. "खरं सांगा. टायरमुळे झालं का?"

ते उकिडवे बसले. मागचं चाक हळूहळू फिरवत राहिले. टायरच्या कडेवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो, माय. मांगचं चाक सरकलं. यानं धरलं नाई."

ते खोटं बोलू शकले असते. तिथे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. पण त्या एका वाक्यानंतर मी दुसऱ्या कुणाला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

"मीच म्हटलं होतं, देऊन टाका म्हणून," मी म्हणाले.

"तुह्या म्हनन्यानं काई झालं नाई. चूक माही हाये."

मला वाटलं, विनोदला परत पाठवलं त्याबद्दल बोलताहेत.

पुढे मला एका खेड्यात शाळेवर नोकरी लागली. जायला एसटी धड नव्हती. काकांनीच मला शाळेच्या मैदानावर स्कूटर शिकवली. मी हँडल आवळून धरायचे. ते मागून धावत ओरडायचे, "हँडल गच्च धरू नको वं! गाडीले मोकळं सोड, तिले तोल समजते!" दर महिन्याला दुकानात बोलावून टायर बघायचे. झिजलेला दिसला की रागवायचे, "चप्पल फाटली तं लगेच दिसते तुमाले. हे काहून नाई दिसत?"

अस्मिता बारावी झाली आणि नागपूरला शिकायला निघाली, तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. छाती भरून यायची, दोन वाक्यांमध्ये थांबावं लागायचं. आम्ही दोघी भेटायला गेलो. अस्मिताने त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "आजोबा, माझे बाबा कसे होते? आई सांगतच नाही."

काकांनी उशीचा आधार घेऊन मान वर केली.

"तुहा बाप त्या दिवशी मह्याशी भांडून गेला," ते म्हणाले. "अन् गाडी चालू करून परत आला. तुही माय पलीकडं उभी होती. मले म्हने, काका, तुमचं बराबर हाये. तो टायर मांगवून ठेवा. आता कडक लावतो, थोडा झिजला का तुमचाच बसवतो. पोरगी मोठी होऊन राह्यली, म्हने, तिले बी बसवा लागन मांगं." त्यांना दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "टायर आठव्या दिवशी आला, माय. दुकानात पडून होता. म्या निरोप धाडाले पायजे होता, का झिजायची वाट नको पाहू, ये अन् लावून टाक. म्हनलं, येईन तो त्याच्या सवडीनं."

अस्मिता रडू लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पाचव्या दिवशी ते गेले.

त्यांना पोहोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा अस्मिताने विचारलं, "आई, तुला हे माहीत नव्हतं?" सोळा वर्षं मी विनोदवर रागावून होते. त्याने त्या दिवशी ऐकलं नाही, म्हणून. आणि त्याने ऐकलं होतं.